गप पाणी

आमच्या राहनाळच्या घरात, पुढच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे आणि तो खोटा आहे. फोटोत माझे काका आहेत, सफारी शर्टात, पोट आत ओढून. त्यांच्या शेजारी करड्या दाढीचा एक उघडाबंब माणूस उभा आहे. त्याच्या खांद्यावर वहिनीची गुलाबी ओढणी आहे, हातात नारळ आहे, आणि आपल्याबरोबर नेमकं काय चाललंय हे त्याला अजिबात कळलेलं नाही असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. मागं समुद्र. फोटोच्या डाव्या कडेला, चौकटीनं अर्धवट कापलेलं, हिरव्या लुगड्यातलं एक ओलं कोपर आहे. ते माझ्या हिरा आत्याचं. गेली वीस वर्षं आमच्याकडे जो पाहुणा येतो त्याला चहाआधी हा फोटो दाखवला जातो, गोष्ट सांगितली जाते, आणि त्या गोष्टीत कोपर कुठंच नसतं. दर वेळी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, एवढा चिडतोस तर लिहून काढ. म्हणून हे. आधीच सांगतो, माझा राग खरा असला तरी माझी बाजू फारशी चांगली नाही.

मी तेव्हा बारावी झालो होतो आणि घरातला एकमेव इंग्रजी बोलणारा माणूस होतो. ही पदवी मला भिवंडीतल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासनं दिली होती. तो क्लास पॉवरलूमच्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली चोवीस लूम खटाखट चालायचे, वर बाकं थरथरायची, आणि आमचे सर ‘हाऊ आर यू’ असं ओरडायचे की खालच्या शिफ्टचे कारागीर वर बघायचे. आम्हीही तसंच ओरडून ‘आय अॅम फाइन’ म्हणायचो. त्यामुळे माझं इंग्रजी व्याकरणात बेताचं आणि आवाजात जबरदस्त होतं. आजही ऑफिसात परदेशी फोन आला की शेजारचे लोक उठून दुसरीकडे जातात.

घर मोठं होतं आणि त्यातल्या लहान पोरांची सगळी कामं आत्याकडं होती. आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. माझं लहानपण तिच्या हातातून गेलं आणि माझ्यानंतर चुलतभाऊ नरेशदादाच्या आणि वहिनीच्या पोरांचं सुरू झालं. सोहम सात वर्षांचा, तन्वी चार. सकाळी मागच्या अंगणातल्या न्हाणीघरातून धुराचा वास यायला लागला की समजायचं, आत्यानं बंब पेटवलाय. खांद्यावर पंचा टाकून ती अंगणात उभी राहायची आणि पोरांची नावं घेऊन हाका मारायची. पोरं पळायची, ती एकेकाला धरून आणायची. डोक्यावर पहिला तांब्या पडला की तन्वी जी किंकाळी फोडायची ती पलीकडच्या गोडाऊनमधल्या हमालांना ऐकू जायची. ते हसून म्हणायचे, “चलो भाई, बच्ची नहा ली, साडेसात बज गये.” आत्याच्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं फार काही नव्हतं. हे न्हाणीघर मात्र होतं.

ते गोडाऊन आमच्याच जमिनीवर उभं होतं. त्याआधी तिथं खारी जमीन होती, भात पिकायचा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला, आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरतीला खाडीच्या पाण्यानं ती आपोआप दाबून बंद व्हायची, ओहोटीला उघडायची आणि शेतातलं साचलेलं पाणी खाडीत सोडायची. आत्या लहानपणी आजोबांबरोबर त्या उघाडीवर राखणीला जायची, तिथंच निवट्या मासे आणि चिंबोऱ्या धरायची, तिथंच पोहायला शिकली. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं, पण जुन्या नाण्यांसारखं. घरात आहेत, चालत मात्र नाहीत.

तर त्या गोडाऊनचा मॅनेजर केरळचा होता. त्यानं काकांना सांगितलं, साब, आमच्याकडे एक समुद्रकाठचं गाव आहे, बच्चा लोग को लेके जाओ, एकदम साफ पानी. त्या गावाचं नाव मी देत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. काकांच्या मनात समुद्र म्हणजे घोडागाडी, भेळ आणि शिंपल्यांच्या माळा. नरेशदादाला कामातून सुट्टी मिळेना. मग काका, वहिनी, दोन पोरं, पोरं सांभाळायला आत्या आणि इंग्रजी बोलायला मी, अशी टोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत निघाली. गाडीत तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, सुकटाची चटणी आणि तळलेले सुके बोंबील. डबा उघडल्यावर समोरच्या बर्थवरचं जोडपं जे वरच्या बर्थवर गेलं ते आम्ही उतरेपर्यंत खाली आलं नाही.

पोचलो आणि बघतो तर घोडागाडी नाही, भेळ नाही. उंच लाल कडा, खाली समुद्र, आणि कड्यावर ओळीनं गवताच्या छपराची हॉटेलं. त्यांत गोरे लोक मांडी घालून डोळे मिटून बसलेले. आणि जो तो काखेत माणसापेक्षा उंच फळी घेऊन पाण्याकडे चाललेला. त्या फळ्यांवर उभं राहून लाटेवरून घसरायचं, हा त्या गावाचा धंदा होता. आत्यानं बराच वेळ कपाळावर हात धरून बघितलं आणि विचारलं, “बाबू, होडी फुटली का रे यांची? एकेक फली घेऊन आल्यात ते.”

काका म्हणाले, “हिरे, गप. लोक बघतात.”

लोक बघत होतेच. आमच्या लॉजच्या जेवणघरात आम्ही पुढच्या बाजूला, समुद्र दिसेल असे बसलो, तर वेटरनं येऊन आम्हाला मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. पुढची टेबलं शांतता हवी असलेल्यांसाठी आहेत म्हणे. सोहमनं तोवर फक्त एकदा टेबल वाजवलं होतं. मेनूत फळांचे तुकडे, दही आणि भिजवलेलं धान्य. काकांनी मला विचारायला लावलं, मासे नाहीत का. मी माझ्या गाळ्यातल्या आवाजात विचारलं, आणि डोळे मिटून बसलेले चार गोरे दचकून जागे झाले. मासे नव्हते. काका म्हणाले, “समोर एवढा दर्या, आन हे गवत खातात. आन आपल्यालाच मागं बसवतात!” त्या दिवशी मी काकांशी मनापासून सहमत होतो. आपल्याच देशात, आपल्याच समुद्राकडे पाठ करून आपणच का बसायचं? माझा संताप एवढा होता की तो मी इंग्रजीत जुळवून ठेवला होता. वेटर परत आला तेव्हा मी फक्त “थँक यू” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली वाळूवर गेलो. ओहोटी लागली होती. काका एका छत्रीखाली शहाळं घेऊन बसले, आणि त्या शहाळ्यात शहाळ्याखेरीज अजून काय होतं ते मी इथं सांगत नाही, काकू हे वाचतील. वहिनीला पोरांचे कोरडे कपडे वर खोलीत राहिल्याचं आठवलं, ती कडा चढून परत गेली. आत्यानं काष्टा आवळला आणि पोरांचा हात धरून पाण्याकडे निघाली, तेवढ्यात काकांनी हाक मारली.

“ए हिरे, तू कुठं चालली लुगडं नेसून? लोक हसतील. तू हितं बस, चपला सांभाल. पोरांना बाबू नेईल.”

ती बसली. पाच जणांच्या चपला पुढ्यात घेऊन, उन्हात. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. उलट जबाबदारी मिळाली म्हणून माझी छाती फुगली. आज आठवलं की त्या फुगलेल्या छातीत टाचणी टोचावीशी वाटते.

समुद्र खवळलेला होता. लाटा फेसाळत येत होत्या, फुटत होत्या, आवाज जणू मधेच धागा तुटून थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा लूम. तन्वी घाबरून माझ्या पायाला चिकटली. तिच्या कमरेला रबराचं पिवळं बदक होतं, आदल्या दिवशी हट्ट करून घेतलेलं. मी शोधक नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. थोडं पुढं, दोन्ही बाजूंच्या फेसाच्या मधोमध, पाण्याचा एक पट्टा होता, चार-पाच बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद. त्यात लाट नव्हती, फेस नव्हता. मातकट, गुळगुळीत, घडी घालून ठेवलेल्या कापडासारखं पाणी. मी मागं वळून ओरडलो, “आत्या, तिकडे नेतो. तिथं पाणी शांत आहे!”

आत्या चपला सोडून उभी राहिली. “तितं नको, बाबू! गप पानी हाय ते. उघाडीपुढं आसतं तसं. वरून झोपलेलं, खालून पलतं.”

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय. मी म्हणालो, “आत्या, ही आपली खाडी नाही. हा अरबी समुद्र आहे. ओपन सी!”

शेवटचे दोन शब्द इंग्रजीत. म्हणजे वाद संपला.

त्या पट्ट्यात गुडघाभर पाण्यात पोरं खरंच खूश झाली. लाट नाही, काही नाही. सोहम पाणी उडवत होता, तन्वी बदकात बसून पाय हलवत होती आणि मी बदकाची दोरी धरून होतो. तेवढ्यात बाजूनं एक गोरा फळी घेऊन चालला. मला वाटलं, क्लासची फी वसूल करायची हीच वेळ. मी दोरी सोडून त्याच्याकडे वळलो, हात हलवला आणि ओरडलो, “गुड मॉर्निंग! विच कंट्री?”

त्यानं देश सांगितला. कोणता ते मला आजतागायत आठवत नाही, आणि पुढं कधी कोणाला हा प्रश्न विचारायचीही हिंमत झाली नाही. कारण मी परत वळलो तेव्हा बदक दहा हात लांब गेलं होतं. ओढल्यासारखं नाही. कोणी शांतपणे उचलून नेत असल्यासारखं. तन्वी रडतही नव्हती, ती माझ्याकडं बघून हात हलवत होती. मी दोन पावलं टाकली आणि माझ्याच पायाखालची वाळू सरकली. सोहम कमरेपर्यंत बुडाला. मी त्याला काखेत धरून कसाबसा बाहेर फेकला आणि तिथंच उभा राहून किंचाळायला लागलो. मला पोहता येत नव्हतं. खाडीकाठचं पोर, पण पोहण्याच्या वयात आमच्या खाडीपुढं गोडाऊनं उभी राहिली होती.

माझ्या शेजारून आत्या गेली. पळत. लुगड्याचा काष्टा मारलेला, अंबाडा सुटलेला. मला वाटलं, ती बाजूच्या उथळ पाण्यातून जाईल. ती थेट त्या गप पाण्यात शिरली आणि आडवी झाली. हातपाय न मारता. पाण्यानं तिला जसं तन्वीला नेलं तसंच नेलं, भराभर, आणि थोड्या वेळानं तिचा हात बदकावर पडलेला मला दिसला. मी ओरडत होतो, “आत्या, इकडे! किनाऱ्याकडे ये!” ती किनाऱ्याकडे येतच नव्हती. किनारा उजव्या हाताला ठेवून ती दगडांच्या दिशेनं आडवी आडवी चालली होती, एका हातानं पाणी कापत. मला वाटलं, हिचं भान सुटलं. मग त्या काळ्या खडकांच्या मागं दोघी दिसेनाशा झाल्या.

तो वेळ किती होता ते मी सांगू शकत नाही. काका शहाळं टाकून आले. वहिनी कोरडे कपडे छातीशी धरून कड्याच्या पायऱ्यांवरून धावत आली आणि तिनं विचारलेला एकच प्रश्न माझ्या कानात आहे. “तनू कुठंय?”

खडकांच्या पलीकडून तो दाढीवाला आला. गावातला फळ्या शिकवणारा उस्ताद, पन्नाशीचा. त्याच्या खांद्यावर तन्वी, कमरेला बदक, नाकातून पाणी, पण रडत होती, म्हणजे जिवंत होती. सगळा किनारा गोळा झाला. वहिनीनं तिला हिसकावून घेतलं. काकांनी त्या माणसाचे पाय धरले, खरोखरच धरले. आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं, वाळूतून पाय ओढत, एका हातात त्याची फळी ओढत, आत्या आली. लुगड्यातून पाणी गळत होतं. ओठ निळे. ती काही बोलायच्या आत काका तिच्यावर फुटले.

“हिरे! लक्ष कुठं व्हतं तुजं? पोरं तुज्यावर सोडलीवती!”

पोरं तिच्यावर सोडली नव्हती. तिला चपलांवर सोडलं होतं. पण आमच्या घरात पोरांचं काही बरंवाईट झालं की नाव आत्याचं निघायचं, ते सवयीनंच निघालं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आता हा सांगेल, अशा नजरेनं.

तेवढ्यात त्या उस्तादानं माझा दंड धरला. मघापासून किनाऱ्यावर इंग्रजीत किंचाळणारा मीच, म्हणून. त्याला हिंदी येत नव्हतं, आम्हाला मल्याळम येत नव्हतं. तो सावकाश, एकेक इंग्रजी शब्द सुटा करून बोलला, मला कळावं म्हणून. मी तुमच्या मुलीला वाचवलं नाही, तो म्हणाला. या अम्मानं वाचवलं. मी खडकांपलीकडं पोचलो तेव्हा ती मुलीला घेऊन ओढीच्या बाहेर आलेली होती. मी फक्त शेवटच्या टप्प्यात फळी दिली. लोक अशा पाण्याशी भांडतात, सरळ किनाऱ्याकडं पोहतात आणि दमून जातात. मी लोकांना दोन दोन आठवडे शिकवतो, तरी वेळेला ते विसरतात. हिला कोणी शिकवलं? हे सगळं यांना सांग.

काका म्हणाले, “काय म्हनतो तो?”

मला सगळं कळलं होतं. शब्दन् शब्द. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचं तरी इंग्रजी पूर्ण कळलं होतं. आणि हेही कळलं होतं की यातलं पहिलं वाक्य सांगितलं की पुढचा प्रश्न येणार: मग मुलगी तिथं गेली कशी? दोरी कोणाच्या हातात होती?

मी म्हणालो, “तो म्हणतो, लहान मुलांना पाण्याजवळ एकटं सोडू नका.”

काका आत्याकडं वळले. “आयकलं?”

आत्यानं मान खाली घातली आणि लुगड्याचा पदर पिळला. मी निरोप पोचवला अशा समजुतीनं त्या भल्या माणसानं तिच्याकडं बघून हात जोडले. काकांना वाटलं तो आम्हा सगळ्यांना नमस्कार करतोय, त्यांनीही जोडले. आणि मग काकांच्या अंगातला पुढारी जागा झाला. आमच्याकडं कोणी काही केलं की शाल आणि नारळ देऊन सत्कार हा झालाच पाहिजे, त्याशिवाय ते केलेलं मोजत नाहीत. शाल नव्हती, वहिनीच्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली. नारळ छत्रीवाल्याकडून आणला. त्या माणसाच्या डोक्यावर कड्याच्या टोकापर्यंत नारळीची झाडं लगडलेली होती, आणि त्यांच्याखाली उभं राहून आम्ही त्याला एक नारळ भेट दिला. फोटो मीच काढला. आत्या चौकटीत येत होती. काका म्हणाले, “हिरे, बाजूला हो.” ती झाली. कोपर तेवढं राहिलं.

परतीच्या गाडीत कोणी सुकट काढली नाही. आत्या खिडकीशी बसून होती. मी मनातल्या मनात घरी पोचल्यावर सगळं सांगायचं ठरवलं. पनवेल येईपर्यंत माझा निश्चय चांगला टिकला होता.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी आत्यानं नेहमीसारखा बंब पेटवला, खांद्यावर पंचा टाकला आणि हाक मारली. वहिनी घरातून म्हणाली, “राहू द्या आत्या. पोरांची आंघोळ मी घालीन आजपासून. आतल्या बाथरूममध्ये.” आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर उत्तर तरी देता आलं असतं. मग शांतपणे पुढचं: “पाण्याचं काम आहे, मलाच बघू दे.” वहिनी वाईट नव्हती. तिला त्या किनाऱ्यावर जेवढं सांगितलं गेलं होतं तेवढ्यावर कुठल्याही आईनं हेच केलं असतं. आणि तिला ते सांगणारा मी होतो.

आत्यानं पंचा दोरीवर टाकला. पण दुसऱ्या दिवशीही बंब पेटला, तिसऱ्याही दिवशी. खांद्यावर पंचा घेऊन ती अंगणात उभी राहायची, आतून गीझरच्या पाण्याचा आवाज यायचा, मग ती बंबाचं पाणी काढून भांडी घासायला घ्यायची. तन्वीची किंकाळी बाहेर ऐकू येईनाशी झाली. एक हमाल मला म्हणालासुद्धा, “बाबूभाई, बच्ची बीमार है क्या? आजकल टाइम का पता ही नहीं चलता.” तो उन्हाळा सरला, पावसाळा अर्धा झाला. मी रोज तो पंचा बघत होतो आणि रोज दुसऱ्यांवर चिडत होतो. काकांवर, कारण ते येईल त्याला फोटो दाखवत. वहिनीवर, कारण ती काही विचारत नव्हती. त्या लॉजच्या वेटरवरसुद्धा, कारण त्यानं आम्हाला मागं बसवलं होतं. चिडायला माणसं कमी पडली नाहीत. फक्त आरशापुढून मी लवकर सटकायचो.

नारळी पौर्णिमेला आमच्या घरची माणसं बांधावर जाऊन खाडीला नारळ देतात. शेती गेली तरी हे राहिलंय. त्या वर्षीही गेलो. भरती चढत होती. बांधावर गावातले दहा-बारा जण होते, मागं ट्रक वळताना सनईसारखी धून वाजत होती. जुनी उघाडी अजून तिथं होती, झडप कुजलेली, चौकट तेवढी शाबूत. काका हातात सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ घेऊन उभे होते आणि लोक जमलेले बघून त्यांना राहवलं नाही. गोष्ट सुरू झाली. लाट, बदक, दाढीवाला. लाट आता ताडाएवढी झाली होती. आणि शेवटी, समोर उभ्या असलेल्या बहिणीकडे बोट दाखवून हसत हसत म्हणाले, “आमची हिरा तितंच बसलीवती चपला घेऊन. बायांच्या जातीला पान्यातलं काय कलतंय?”

आत्या त्या उघाडीच्या चौकटीला हात लावून उभी होती.

मी ओरडलो. अगदी गाळ्यातल्या आवाजात, ट्रकच्या वर. “खोटं आहे ते!”

सगळे वळले. मग मी सांगितलं. पट्टा सांगितला, आत्यानं नको म्हटलेलं सांगितलं, ‘ओपन सी’ सांगितलं, ‘विच कंट्री’ सांगितलं, त्यावर कोणीतरी फिसकन हसलं. आत्या त्या पाण्यात कशी आडवी झाली ते सांगितलं, आणि तो उस्ताद जे म्हणाला होता ते, चार महिने उशिरा, पूर्ण भाषांतर करून सांगितलं. तन्वीला कडेवर घेतलेली वहिनी माझ्याकडं टक लावून बघत होती.

काकांचं तोंड उघडं राहिलं. मग ते म्हणाले, “म्हंजे त्या दारीवाल्याला आपन फुकट नारल दिला?”

हे त्यांचं पहिलं वाक्य. शपथेवर सांगतो. आणि दुसरं, “तवा का न्हाय बोललास, गाढवा?” काकांनी हातातल्या नारळाकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी घसा खाकरला आणि नारळ खाडीत टाकला. पुढच्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा फोटो होता तिथंच होता आणि गोष्ट होती तीच होती. गोष्ट जमलेली होती ना, आता कोण बदलतो? याच गोष्टीचा मला अजून संताप येतो. खरं सांगितलं की जग बदलतं असं शाळेत शिकवतात. आमच्या घरात भिंतीवरचा खिळासुद्धा हलला नाही.

आत्या माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, “बोललास? झालं? चल, नारलीभात लावायचाय.” मग दोन पावलं पुढं जाऊन, न वळता, “तवा बोलला आसतास तं चार महिनं माजं पोरांचं न्हानं चुकलं नसतं.”

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. सोहम आणि तन्वी बांधावरच्या चिखलात लोळून गुडघ्यापर्यंत काळी झालेली. मी अंगणात पाय धूत होतो. वहिनी आतल्या बाथरूमच्या दारापर्यंत गेली, थांबली, आणि परत फिरून अंगणात आली. आत्या चुलीजवळ तांदूळ निवडत होती. वहिनीनं तन्वीला तिच्यासमोर उभं केलं, आणि तिच्याकडं न बघता, पोरीच्या फ्रॉकचं बटण काढत म्हणाली, “आत्या, हिची आंघोळ राहिलीय.”

आत्यानं सूप खाली ठेवलं. खांद्यावर पंचा होताच. बंब पेटवला. पाणी तापेपर्यंत आत्या बाहेर बसून राहिली, तन्वी तिच्या मांडीवर चिखलासकट. मग त्या दोघी आत गेल्या. “डोले मीट. स्वास धर. पान्याशी भांडू नको,” असा आत्याचा आवाज आला, पाठोपाठ पहिल्या तांब्याचा आवाज, आणि मग ती किंकाळी, सगळ्या राहनाळभर. पलीकडून कोणीतरी हमाल ओरडला, “अरे, आज शाम को साढ़े सात बज गये?”

मी न्हाणीघराच्या दाराशी उभा होतो. काय करावं ते कळत नव्हतं, आणि तिथून जावंसंही वाटत नव्हतं. आत्याला माझे पाय दाराखालच्या फटीतून दिसले असावेत.

“बाबू, हाय का रं तू भायेर?”

“आहे, आत्या.”

“मंग उबा का? खाली बस, चपला सांभाल.”

मी खाली बसलो. एक मोठी जोडी होती, एक छोटी. दोन्ही सांभाळल्या.